सालं गोळा करणाऱ्या रत्नाक्का

रत्नाक्कांनी कधी कुणाला "कसं काय चाललंय" असं विचारल्याचं मला आठवत नाही. सकाळी दाराची बेल वाजायची, मी केसांना क्लिप लावत दार उघडायचे आणि समोर हिरवी बादली घेऊन उभ्या असलेल्या रत्नाक्का विचारायच्या, "बाई, आज काय चिरलं?"

मी शाळेत शिकवते, म्हणून सांगलीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगची मी बाई. पण रत्नाक्का पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा त्या कोण, हेही मला ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर महेश आणि त्याची बायको नुकतेच राहायला आले होते आणि त्याची आई जतकडच्या गावाहून येणार, एवढं कानावर होतं. मी गोंधळून म्हटलं, "दुधी."

"सालं?"

"टाकली की."

मी पाहुण्याला न जेवू घालता वाटेला लावल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठं टाकली?"

मी कचऱ्याचा डबा दाखवला. त्यांनी चपला दारात काढल्या, सरळ आत येऊन डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि दुधीची सालं वेचून बादलीत घेतली. मग चहाचा चोथा उचलून नाकाशी नेला. "साखर लय घालता तुमी. धुवून घ्यावा लागंल ह्यो, न्हाईतर मुंग्या लागत्यात." आणि गेल्या. माझ्या नवऱ्याने पेपर खाली करून विचारलं, "कोण होतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण उद्या परत येणार आहेत."

रत्नाक्कांचं गाव जत तालुक्याच्या पार टोकाला, कर्नाटकच्या हद्दीला लागून. माहेर मेंढपाळांचं. कळप घेऊन उसाच्या मुलखात उतरायचं, कुणाच्या तरी रानात मुक्कामाला मेंढरं बसवायची, आणि कळप पुढे निघाला की त्या रानात लेंड्यांचं खत मागे राहायचं. त्यासाठी शेतकरी धान्य द्यायचे, वर मान द्यायचे. "माझ्या बापाच्या मेंढरांनी निम्म्या वाळव्याला खत घातलंय," असं त्या सांगत, तेव्हा एखाद्याने आपल्या पणजोबांनी नदीला घाट बांधल्याचं सांगावं, तसा त्यांचा चेहरा होई. नवरा बरीच वर्षं झाली वारला होता. मुलाच्या फ्लॅटमध्ये येऊन त्यांनी चार दिवस गॅलरीतून खाली पाहिलं आणि मग बादली उचलली. मला म्हणाल्या, "हितं मेंढरं न्हाईत. पर म्हटलं बिल्डिंगची माणसं हायती की. तीबी दिसभर चरतच असत्यात."

गच्चीवर त्यांनी रंगाचे रिकामे डबे मांडले होते. तापवलेल्या सळईने त्यांना भोकं पाडलेली. तळाला वाळका पाला, त्यावर बारीक केलेली सालं, त्यावर रसवंतीवरून आणलेलं उसाचं चिपाड, पुन्हा सालं. मधूनमधून आंबट ताकात गूळ कालवून त्याचा हबका मारायचा. रोज सकाळी प्रत्येक डब्याचं झाकण उघडून त्या आधी आत वाकून कानडीत विचारायच्या, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. मग काठीने ढवळायचं, मूठभर उचलून दाबून बघायचं. लाडू वळला पण पाणी गळलं नाही, म्हणजे प्रकृती ठीक. पाणी गळलं तर पाला वाढवायचा, लाडू फुटला तर ताक. पहिल्या महिन्यात मी हे सगळं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की, मी भोपळा चिरताना सालं मुद्दाम जरा जाड काढते आहे.

त्यांच्या बादलीतून बिल्डिंगचं सगळं कळायचं. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा उपास, कुणी पालेभाजी निवडायचा कंटाळा केला. "मी सालं बघती, घर बघत न्हाई," असं त्या म्हणायच्या. ते काही खरं नव्हतं. एकदा दुसऱ्या मजल्यावरून सलग कैरीच्या सालींचा पाऊस पडला. रत्नाक्कांनी तिथल्या नव्या सुनेला गोड बातमी असल्याचं जाहीर करून टाकलं. लोक अभिनंदन करायला गेले. त्या बिचारीने प्रत्येकाला लोणच्याची छोटी बरणी देऊन परत पाठवलं.

एक गुपित मात्र त्यांनी जिवापाड सांभाळलं होतं. बादलीत अधूनमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंड्याची टरफलं असायची. मी विचारलं की त्या म्हणत, "कुणाची ते इचारू नका." पण त्या कागदावर शब्दकोडं सोडवलेलं असे, आणि तेही हिरव्या शाईने. हिरव्या शाईचं पेन आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच माणसाकडे होतं: सोसायटीचे चेअरमन थोरातकाका. थोरातकाकूंच्या स्वयंपाकघरात अंडं हा शब्दसुद्धा चालत नसे. काका सोसायटीच्या ऑफिसात, हिशेब तपासायचे म्हणून दार लावून, चहाच्या किटलीत अंडी उकडायचे.

आणि याच थोरातकाकांनी रत्नाक्कांच्या डब्यांविरुद्ध सभा बोलावली.

खरं सांगायचं तर चूक रत्नाक्कांचीच होती. कुठल्याशा मंगल कार्यालयात त्यांना लिंबाची आणि अननसाची पोतंभर सालं फुकट मिळाली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पाल्याचा थर न देता सगळं एकदम डब्यांत कोंबलं. आठवड्याभरात ते आंबलं, सडलं, आणि पांढऱ्या अळ्या गच्चीचा जिना उतरून तिसऱ्या मजल्यापर्यंत आल्या. एक अळी थोरातकाकूंच्या देवघराच्या उंबऱ्यावर सापडली.

"डबे उचलायचे," सभेत काका म्हणाले. "हा आरोग्याचा प्रश्न आहे."

महेश मान खाली घालून बसला होता. मला राहवेना, मी हिरव्या शाईवरून काहीतरी बोलणार, तोच रत्नाक्कांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उभ्या राहिल्या.

"चूक माझी हाय. हावरटपणा केला मी. जिना मी फिनेलनं धुवून देती. पर मला गणपतीपातूर मुदत द्या. तवर वास आला तर माझ्या हातानं डबे भंगारात घालती."

काकांनी मुदत दिली. रत्नाक्कांनी ते सगळं उपसून उन्हात पसरलं, रसवंतीवाल्याकडून रिक्षाभर चिपाड आणलं, कॉलेजच्या मैदानावरचा पाला पोत्यांत भरून आणला. आम्ही बायका झाडणीला, ढवळणीला गेलो. वास गेला. खत तयार झालं, चहाच्या पावडरीसारखं काळं आणि मोकळं. त्यात त्यांनी गच्चीभर झेंडू लावला. गणपतीत सोसायटीच्या मूर्तीला हार विकत आणावा लागला नाही, आणि विसर्जनाच्या दिवशी थोरातकाका झेंडूच्या हाराने इतके झाकले गेले होते की फोटोत त्यांचा फक्त चष्मा दिसतो.

त्यानंतर काकाच एक दिवस माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, तुमच्या रत्नाक्का साताऱ्याला येतील का? आमचे दाजी तिथं असतात. सुभेदार होते सैन्यात. माझी बहीण गेली, तिनं लावलेले गुलाब आहेत. ते वाळत चाललेत. दाजी रोज फोन करून सांगतात, आज कुठला गेला ते. मला ऐकवत नाही."

दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मीही निघाले. रत्नाक्कांनी सोबत पोतंभर खत घेतलं आणि एक कॅन. कॅनमध्ये संत्र्याची सालं, गूळ आणि पाणी, बरेच दिवस मुरवलेलं. हे पाणी पातळ करून झाडाला घातलं की फूल धरतं, असं त्यांचं म्हणणं. त्यात वायू तयार होतो, तो रोज झाकण सैल करून सोडावा लागतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण एसटीत सांडायला नको म्हणून त्यांनी झाकण दातओठ खाऊन आवळलं होतं.

आष्ट्याला कॅनचं पोट सुटलेलं मला दिसलं. पेठनाक्याला तो गाभण म्हशीसारखा दिसत होता. मी म्हटलं, "रत्नाक्का, हे बघा काय झालंय." त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "कराडला सोडू वारं."

कराड यायच्या थोडं आधी बस एका खड्ड्यातून गेली. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला, झाकण छताला आपटून मागच्या सीटवर गेलं आणि संत्र्याच्या सालींचं कारंजं आमच्या पुढे बसलेल्या पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांवर पडलं. ड्रायव्हरने बस बाजूला घेतली. गाडीभर आंबूस, गोडसर, डोक्यात चढणारा वास दरवळला. कंडक्टर हुंगत हुंगत आला आणि कॅनपाशी थांबला.

"मावशी, हातभट्टी हाय का ही?"

"झाडाचं टॉनिक हाय."

"मला शिकवू नगा. हा वास वळखतो मी."

"मग पिऊन बघ की," रत्नाक्का शांतपणे म्हणाल्या. "उद्या कानातनं कळ्या येत्याल."

बस हसायला लागली. टोपीवाले आजोबा टोपी पिळत होते. त्यांनी विचारलं, वांग्याला चालतं का हे. रत्नाक्कांनी साताऱ्यापर्यंत आख्ख्या बसला ते कसं करायचं ते शिकवलं. कंडक्टरनेही ऐकून घेतलं. त्याच्या घरी कढीपत्त्याची तक्रार होती.

साताऱ्यात सुभेदारांचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, चढावर. बेल वाजवली तेव्हा आम्ही दोघी आंबलेल्या संत्र्याने न्हालेलो. दार उघडलं ते ताठ कण्याच्या, पांढऱ्या कडक मिशांच्या गृहस्थांनी. त्यांनी एकदा श्वास घेतला, पोत्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं.

"या घरात दारू चालत नाही."

"आमच्याबी न्हाई चालत," रत्नाक्का म्हणाल्या. "गुलाब कुठं हायत?"

गुलाब मागच्या अंगणात होते. काठ्याच म्हणायच्या, कुठे कुठे दोन पानं. सुभेदार दर रविवारी दुकानातलं खत चमच्याने मोजून घालत. त्यात एक दिवस खाडा नाही. रत्नाक्का उकिडव्या बसल्या, माती उकरायला गेल्या तर खुरपं वाजलं. वर क्षारांचा पांढुरका थर आलेला.

"ही माती उपाशी हाय," त्या म्हणाल्या.

"उपाशी? मी वेळच्या वेळी देतो."

"औषध देता. जेवाय देत न्हाई."

सुभेदार ताडकन वळले. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतात. पण ते आत गेले, सदऱ्याच्या बाह्या दुमडून फावडं घेऊन आले आणि म्हणाले, "हुकूम सांगा."

दुपारभर दोघं खणत होते आणि भांडत होते. रत्नाक्का खताच्या पोत्यातून आणलेली अंड्याची टरफलं नुसती चुरून टाकायच्या. सुभेदार म्हणाले, अशी वर्षभर तशीच राहतील, वाटून पूड करायला हवी, आणि मिक्सर घेऊन आले. रत्नाक्कांनी पूड बोटांत चोळून बघितली आणि कबूल केलं की ही युक्ती बरी आहे. निघताना त्यांनी सुभेदारांना अंगणात एक डबा लावून दिला. सुभेदारांच्या घरात पहिल्यांदाच केळ्याचं साल कचऱ्यात गेलं नाही.

मग सुरू झाले व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप. रत्नाक्कांना फोनचं फारसं जमत नसे, म्हणून त्या माझ्याकडे येऊन निरोप लावायच्या, आणि माझ्या स्वयंपाकघरात सुभेदारांचा परेडचा आवाज घुमायचा. "रत्नाबाई, रिपोर्ट देतो. डब्यात पांढरी बुरशी आढळली आहे. पुढील आदेश काय?" रत्नाक्का फोन तोंडाशी धरून ओरडायच्या, "घाबरू नगा. बरी असती ती. ढवळा आन् पाला घाला." दुसऱ्या दिवशी: "रिपोर्ट. पाला घातला. आतून ऊब येते आहे. हात घातला तर काढवत नाही." रत्नाक्कांनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा मी कणीक मळायची थांबले आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "ऐकू न्हाई आलं नीट."

हिवाळ्यात पहिली कळी आली, त्याचा फोटो आला. मग रत्नाक्का दर पंधरा दिवसांनी डब्याची तपासणी करायला साताऱ्याला जाऊ लागल्या. डबा एकच होता. तपासणीला अख्खा दिवस लागायचा. परत येताना केसांत गुलाब असायचा आणि चाल अशी, की जिना त्यांना लागतच नव्हता. मी एकदा थट्टा केली, तर त्यांनी मला वांग्याचं देठ फेकून मारलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुभेदार स्वतः सांगलीला आले. हातात बादली, तिच्यावर इस्त्री केलेला पांढरा रुमाल. थोरातकाका त्यांना महेशच्या घरी घेऊन गेले आणि मला रत्नाक्कांनी हाताला धरून नेलं. सुभेदारांनी रुमाल काढला. आत त्यांनी स्वतः केलेलं खत होतं. रत्नाक्कांनी मूठभर घेतलं, दाबलं, लाडू वळला. त्यांनी नुसती मान हलवली, आणि सुभेदारांच्या मिशा थरथरल्या.

मग ते महेशकडे वळून उभे राहिले. "महेशराव, मी तुमच्या आईंना लग्नाचं विचारलं आहे. त्या म्हणाल्या, मुलाशी बोलून सांगते. म्हटलं, आपणच येऊन बोलावं."

महेश बादलीकडे बघत राहिला. "चहा घेऊन जा," एवढंच म्हणाला आणि आत गेला. पाहुणे गेल्यावर आईला म्हणाला, "या वयात? गावाकडं मी काय तोंड दाखवू?"

रत्नाक्का "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून बेल वाजली नाही.

मी गच्चीवर गेले, तर त्या पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. डब्यांची झाकणं लावलेली. मी काही विचारायच्या आतच बोलायला लागल्या. "पहिल्या येळंला मला कुणी इचारलंच न्हवतं, बाई. मी मेंढरामागं हुती. हाक मारून आणली आन् हळद लावली. नवरा वाईट न्हवता, त्याचं काय न्हाई. पर ह्या माणसानं इचारलं, तुमची मर्जी काय म्हणून. मला मर्जी हाय का न्हाई, ते मलाच ठावं न्हवतं. आता कळलं, हाय म्हणून." आणि त्या झेंडूची वाळलेली फुलं खुडत राहिल्या.

डबे कुणी ढवळेना, तसा वास सुटला. थोरातकाकांनी महेशला बोलावून सांगितलं, "तुझ्या आईचे डबे आहेत. ती बघत नाही, तर तू बघ." रविवारी महेश हिरवी बादली घेऊन दारोदार निघाला. माझ्या दारात त्याने बादली पुढे केली. "बाई, ते... सालं." मी दिली आणि त्याच्या मागोमाग, काहीतरी निमित्त काढून, खाली उतरले.

थोरातकाकांनी दार उघडलं, आत गेले आणि कागदाची पुडी घेऊन आले. बायको मागे उभी असताना त्यांनी ती पुडी बादलीवर उघडली. टरफलं खळकन पडली.

"ही माझी अंडी," काका म्हणाले. "मी ऑफिसात दार लावून खातो. या वयात आवडीची गोष्ट चोरून करावी लागते, तेव्हा कसं वाटतं, ते मला विचार. आणि ती वारलेली बहीण माझी होती, महेश. गुलाब तिचे होते. वाईट वाटायचंच तर आधी मला वाटायला हवं. मला तर दाजींचा फोन आला की हलकं वाटतं. आता ते काय वाळलं हे सांगत नाहीत, काय फुटलं ते सांगतात."

आतून काकूंचा आवाज आला, "अंड्यांचं मला कधीचं माहीत आहे. त्या किटलीतला चहा प्यायलेय मी."

महेश बादली घेऊन पायरीवर बसला. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्याचं त्यालाही कळत नसावं. मग तो उठून गच्चीवर गेला. मायलेकरांचं काय बोलणं झालं, ते मला कधी कळलं नाही. थोड्या वेळाने माझ्या दाराची बेल वाजली. रत्नाक्का उभ्या होत्या, डोळे सुजलेले, तोंडभर हसू.

"बाई, गुलाबाच्या अंगणात कंची साडी शोभंल?"

लग्न साताऱ्यात झालं, मोजक्या माणसांत. सुभेदारांच्या अंगणात पंगत बसली. जेवणं उरकताच रत्नाक्का नवी साडी खोचून केळीच्या पानांकडे धावल्या, पण सुभेदारांनी वाटेतच सांगितलं, "रिपोर्ट. पानं वेगळ्या पोत्यात भरली आहेत. वाढप्यांना तशा सूचना होत्या." लग्नात डोळ्यांतून पाणी न काढलेल्या रत्नाक्का तेव्हा रडल्या. महेश त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

नंतर दोघं सांगलीला आले, रत्नाक्कांचं सामान न्यायला. आम्ही सगळे स्टँडवर पोचवायला गेलो. मी पिशव्या घेऊन बसमध्ये चढले, त्या वर ठेवल्या, आणि उतरायला पाऊल उचलत नव्हतं. रत्नाक्का खिडकीशी बसल्या होत्या, सुभेदार शेजारी, मांडीवर जास्वंदीची कुंडी.

कंडक्टर आला. त्याने आधी सुभेदारांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, त्यांचं कार्ड बघितलं, मग रत्नाक्कांकडे. "ज्येष्ठांना हाफ, बायकांना हाफ," तो मशिनवर बोट चालवत म्हणाला. "दोन हाफ सातारा."

"म्हंजी दोघांत मिळून एक फुल," रत्नाक्का म्हणाल्या.

सुभेदारांनी गंभीरपणे मान डोलावली. "हिशेब बरोबर आहे."

रत्नाक्कांना इतकं हसू लोटलं की त्यांनी पदर तोंडाशी धरला, आणि मी खाली उतरून बस हलली तरी त्या हसतच होत्या.